‘काही खबर नाही’ असं मी म्हणालो

ओमानमधल्या हरासीस पशुपालकांच्या तळावर गेलं की जनावरांच्या डॉक्टरलासुद्धा आधी जनावर दाखवत नाहीत. आधी बसायचं. सलाम होतो, खजूर येतो, कहवा येतो, आणि मग घरातला थोरला माणूस विचारतो, “शी उलूम?” म्हणजे काही खबरबात? पाहुण्याने रीतीप्रमाणे म्हणायचं, “मा शी उलूम.” काही नाही. यजमान थोडं थांबून पुन्हा विचारतो आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. कुठे पाऊस शिंपडला, कुठे हिरवं दिसतंय, कोणाच्या शेळ्या व्यायल्या, कोणाचा उंट कुठल्या अंगाला गेला, पाण्याचा टँकर कुठे पोचलाच नाही.

मी पहिलं उत्तर शिकलो आणि तिथेच थांबलो. मला घाई असायची. दिवसाला तीन-तीन तळ, एकेक साठ-सत्तर किलोमीटरवर. “मा शी उलूम” म्हणायचं, कहव्याचा फिंजान तोंडाला लावायचा आणि औषधांची पेटी उघडायची. यात माझं काही चुकतंय असं मला दीड वर्ष वाटलं नाही. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवसाबद्दल लिहितोय.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. जिंतूरकडच्या खेड्यांत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यात दहा वर्षं काढली आणि मग नोकरीसाठी थेट ओमानमध्ये हैमाला आलो. मस्कतहून सलालाला जाणाऱ्या रस्त्यावर पाचशेहून जास्त किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. त्याच्या पूर्वेला पसरलेलं सपाट रान म्हणजे जिद्दत अल-हरासीस. डोंगर नाही, ओढा नाही. नजर जाईल तिथवर चुनखडीची बारीक खडी आणि मध्येच एखादं बाभळीच्या जातीचं समुर. पहिले काही महिने मी घरी फोनवर हेच सांगायचो की इथे बघण्यासारखं काही नाही.

हरासीस ही तिथली काही हजार माणसांची पशुपालक जमात. शेळ्या बायकांच्या, उंट पुरुषांचे. बाहेरच्याशी अरबी बोलतात, पण आपसात हरसूसी. ती अरबीची बोली नाही, दक्षिण अरबस्तानातली वेगळी, जुनी, लिपी नसलेली भाषा आहे. या माळावर पाण्याचा झरा नाही की जुनी विहीर नाही. १९५८ मध्ये तेल शोधायला आलेल्या लोकांनी हैमा आणि अल-अजाइझ इथे विहिरी घेतल्या, तेव्हा पहिल्यांदा इथे पाणी आलं. त्याआधी ही माणसं वर्षातला बराच काळ शेळीच्या आणि उंटाच्या दुधावरच राहत. दुष्काळी भागात वाढलेल्या मला हे ऐकून माहीत होतं, पण पटत नव्हतं. दूध तरी पाण्याशिवाय कुठून येणार? ते येतं धुक्यातून. समुद्रावरून रात्री धुकं चढतं, झाडाझुडपांच्या पानांवर बसतं, आणि पहाटे शेळ्या-उंट ती ओली पानं खातात.

तर फेब्रुवारीतली ती पहाट. साडेचारला फोन आला. दुक्मला नोकरीला असलेला एक पोरगा बोलत होता. त्याच्या आजोबांची नाका, म्हणजे सांडणी, मध्यरात्रीपासून अडली होती. तळावर मोबाइलला रेंज नाही. आजोबा रेंज येते तिथवर गाडी घेऊन आले आणि नातवाला सांगून परत गेले. उंटाचं विणं एकदा सुरू झालं की पटकन उरकतं. पुढचे पाय दिसायला लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू खाली आलं पाहिजे. मध्यरात्रीपासून म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

तो तळ मला माहीत होता. दोनदा गेलो होतो. पण डांबरी रस्ता सोडून वीस-एक किलोमीटर आत गेलो आणि धुकं असं उतरलं की गाडीच्या दिव्यांचा उजेड समोर भिंत असावी तसा परत येत होता. खडीवर सगळीकडे चाकोऱ्याच चाकोऱ्या. कुठली आजची, कुठली दोन वर्षांपूर्वीची, मला काही कळेना. तासभर फिरलो आणि शेवटी इंजिन बंद करून बसलो.

अर्ध्या तासाने धुक्यातून एक पिकअप आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. आजोबाच होते. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे वालिद म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणायचो. ते रस्त्याच्या बाजूने मला शोधत आले, तर माझी गाडी जिथे वळायला नको तिथे वळलेली त्यांना दिसली. माझीच गाडी कशावरून? डावीकडचं मागचं टायर बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळ्या नक्षीचं आहे, म्हणाले. मी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं.

खाली उतरून त्यांनी सलाम केला, हात हातात घेतला आणि विचारलं, “शी उलूम?”

मी म्हणालो, “मा शी, वालिद, मा शी. चला लवकर.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग गाडीत बसले.

तळ एका गाफच्या झाडाखाली होता. प्लायवूडची एक खोली, ताडपत्रीची सावली, पाण्याची टाकी, शेळ्यांची जाळी. गाफ म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पान चुरगाळून खात्री करून घेतली होती. सांडणी त्या झाडाच्या अंगाला बसली होती, मान लांब करून खडीवर टेकवलेली. गडद तांबड्या रंगाची, तिसऱ्या वेताची. कण्हत होती. उंटाचं ते कण्हणं ज्याने ऐकलंय त्याला ते विसरता येत नाही, घशातून खोल खर्ज निघतो.

पुढचे दोन्ही गुडघे दोरीने बांधून घेतले. शेपटीच्या मुळाशी सुई देऊन मागचा भाग बधिर केला, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, वंगण लावलं आणि हात आत घातला. दोन पाय सरळ होते. डोकं नव्हतं. मान उजवीकडे दुमडून मागे, बरगड्यांवर जाऊन पडलेली. गाईच्या वासराची मान अशी वळली तर हनुवटी हाताला लागते, दोन बोटं जबड्यात अडकवून ती सरळ करता येते. उंटाच्या पिल्लाची मान एवढी लांब की माझा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी बोटांना नुसता कान लागत होता. कळ आली की तिचं सगळं अंग माझ्या हाताभोवती आवळायचं आणि बोटं बधिर व्हायची. कळ ओसरली की छाती मागे ढकलायची आणि चार बोटं पुढे सरकायचं. वालिद तिच्या डोक्याशी बसून हरसूसीत काहीतरी पुटपुटत होते, अगदी हळू, एकाच सुरात.

डोळ्याच्या खोबणीत बोट टेकलं, पण पापणी हलली नाही. तिथेच मला कळलं. तरी हात थांबवला नाही, कारण आता आईला वाचवायचं होतं. दोरीचा फास कानांमागून नेऊन तोंडात अडकवायला पाऊण तास गेला. मान सरळ झाल्यावर मात्र दोघांनी जोर लावला आणि पिल्लू एकदम बाहेर घसरलं.

मेलेलंच होतं. मादी होती. उंटाच्या नवजात पिल्लाच्या अंगावर एक पातळ, ओला, पारदर्शक पापुद्रा असतो. गाईच्या वासराला तसा नसतो. जिवंत पिल्लू धडपडतं आणि तो सुकून गळून जातो. सांडणी गाईसारखी पिल्लाला चाटत नाही, नुसतं हुंगते आणि हुंकारते. हिने मान वळवून हुंगलं. हुंकारली. पुन्हा हुंगलं.

तेरा महिने पोटात वाढवायचं आणि दोन वर्षांत एकदा विणं. त्यात हे. आणि नुकसान एका पिल्लावर थांबत नाही. सांडणीच्या कासेत साठवण फार थोडी. पिल्लू तोंड लावेल तेव्हाच पान्हा फुटतो आणि दोन-एक मिनिटांत सरतो. पिल्लू नाही तर ती आटते. चार सडांपैकी दोन पिल्लाचे, दोन घराचे, अशी वाटणी असते. त्या घराचं वर्षभराचं दूध त्या मेलेल्या पिल्लाबरोबर जात होतं. काही दिवस ऑक्सिटोसिनच्या सुया देऊन पान्हा काढता येईल, असं मी म्हणालो खरं, पण सुया देऊन वेत निभत नाही हे मलाही ठाऊक होतं.

वालिदनी पिल्लाचे डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “दकतूर, तू सगळ्या तळांवर जातोस. कुठे पोरका हुवार पाहिलास?”

हुवार म्हणजे उंटाचं पिल्लू.

पाहिला होता. दोनच दिवसांपूर्वी. सलाला रस्त्याजवळच्या एका तळावरची सांडणी रात्री ट्रकखाली गेली होती, तिच्यामागे पाच दिवसांचा नर. घरातल्या बायका त्याला शेळीचं दूध बाटलीने पाजत होत्या. मी त्याची नाळ तपासली, औषध लावलं, हगवण लागली तर काय करायचं ते सांगून निघालो. आणि त्यानंतर “शी उलूम?” असं मला किमान पाच जणांनी विचारलं असेल. त्यातले एक वालिद. सकाळी, धुक्यात, हात हातात घेऊन.

मी सांगितलं. कुठे, कोणाचा, किती दिवसांचा. सांगताना माझं तोंड कोरडं पडलं. सकाळी साडेसातला मी हे बोललो असतो तर पिकअप तेव्हाच निघाली असती आणि पोरकं पिल्लू आता या झाडाखाली उभं असतं. व्यायल्यावर आईचं मन नव्या पिल्लासाठी काही तासच उघडं असतं. त्यातला एकेक तास मी घालवला होता.

ते मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी वालिदाला, म्हणजे घरातल्या थोरल्या बाईंना, हाक मारली. त्या बाईंना काही सांगावं लागलं नाही. चेहऱ्यावर निळसर काळा बुरका, हात मनगटापर्यंत शेळ्यांच्या कामाने काळवंडलेले. त्यांनी पत्र्याच्या डब्यात गर्भजल आणि तो पापुद्रा गोळा केला, ओलं गोणपाट झाकलं आणि डबा सावलीत ठेवला. वालिदनी सुरी घेऊन पिल्लाच्या पाठीचं आणि ढुंगणाचं कातडं काढलं. सगळं नाही, तेवढंच. पिल्लू कासेला लागलं की आई मान वळवून त्याचं शेपटीखालचं अंग हुंगते. तिथला वास आपला असला पाहिजे. हे आम्हाला पुस्तकात होतं, पण त्या माणसाने कातडं जिथून कापलं ती रेघ बघून मी थक्क झालो.

आमच्याकडेही वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवत, माझ्या आजीने सांगितलेलं. ते फसवणं होतं, पान्ह्यापुरतं. इथे मात्र जिवंत पिल्लाला आई मिळवून द्यायची होती.

त्या तळापर्यंत चाळीस किलोमीटर. धुकं आता विरत चाललं होतं. वालिद गाडी चालवत होते आणि पहिल्यांदाच मी प्रश्न विचारत होतो. १९७२ मध्ये याच माळावर रानातली शेवटची मारिया, म्हणजे पांढरी अरबी ओरिक्स हरणं, शिकाऱ्यांनी संपवली. सुलतान काबूस यांनी परदेशांत वाढवलेल्या कळपातली जनावरं परत आणली आणि १९८२ मध्ये यालूनीला मोकळी सोडली. त्यांच्यावर नजर ठेवायला हरासीसच नेमले. वालिद त्यांतले एक. प्रत्येक जनावर खुरावरून ओळखायचो, म्हणाले. पुढे चोरटे आले, जिवंत हरणं पकडून विकायला लागले. १९९४ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं ते अभयारण्य, त्याचं क्षेत्र तेलासाठी नव्वद टक्के कमी केल्यावर, २००७ मध्ये यादीतूनच काढलं गेलं. यादीतून गेलेली ती जगातली पहिली जागा. हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला आणि मग ते बराच वेळ गप्प राहिले.

त्या तळावर पोचलो तेव्हा मी उडी मारून पिल्लाकडे धावणार होतो. वालिदनी माझ्या मनगटाला धरलं. बसलो. सलाम, खजूर, कहवा. “शी उलूम?” “मा शी उलूम.” यजमानाने पुन्हा विचारलं. मी वालिदांकडे पाहिलं आणि त्यांनी हनुवटीने मलाच खूण केली. खबर ज्याने आणली त्याने सांगायची.

म्हणून मी माझ्या तुटक्या अरबीत सांगितलं. सांडणी कोणाची, कधी अडली, मान कशी वळली, पिल्लू कसं गेलं. कुणी मध्ये बोललं नाही. माझं संपल्यावर वालिदनी एवढंच जोडलं की गाफला यंदा शेंगा लागतील असं दिसतंय आणि त्यांच्या पूर्वेकडे थोडं हिरवं आलंय. यजमानाने मुलाला हाक मारली आणि पिल्लू आणायला सांगितलं. मागणं असं कोणी केलंच नव्हतं. हुवारवर यजमानाच्या मालकीची डागणीची खूण राहणार, मोठा झाला की तो परत येणार, आणि यंदाचं दूध वालिदांच्या घरचं. दोन वाक्यांत ठरलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. मी घड्याळ बघत होतो आणि ते बघताना लाजही वाटत होती.

परत आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सांडणी उभी राहिली होती. वार पडली होती, तीही वालिदांनी ठेवली होती. डब्यातलं चिकट पाणी पिल्लाच्या डोक्याला, मानेला, पाठीला चोळलं. कातडं सुतळीने त्याच्या पाठीवर बांधलं. सांडणीला बसवून तिच्या डोळ्यांवर आणि नाकावर फडकं गुंडाळलं. आणि वालिद मला म्हणाले, “हात पुन्हा आत घाल. ती पुन्हा व्याली असं तिला वाटू दे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी मूठ करून दाखवलं. हळू आत, थोडा दाब, हळू बाहेर.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. १९८३ मध्ये मेंढ्यांवर प्रयोग झाले होते. त्यांत गर्भमार्गाला प्रसूतीसारखा दाब दिल्यावर मेंढी परकं कोकरू स्वीकारते असं दिसलं. ते आम्हाला शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. अरबस्तानातले उंटवाले हे किती पिढ्यांपासून करत आलेत कुणास ठाऊक. मी मोजा चढवला, वंगण लावलं. तिने कळ द्यावी तसा जोर केला, कण्हली. मी हात काढला त्याच क्षणी वालिदांनी पिल्लू तिच्या मागे खडीवर आडवं घातलं आणि त्या बाईंनी फडकं सोडलं.

सांडणीने मान वळवली. हुंगलं. नाक वर उचललं. पुन्हा हुंगलं, या वेळी कातड्यावर. पिल्लू उठून उभं राहिलं. पाच दिवसांचं म्हणजे सात दिवसांचं झालेलं ते, पायांत चांगलं बळ असलेलं. ती दचकली आणि एक पाऊल मागे सरकली. आम्ही तिघंही श्वास धरून. पिल्लाने बाटलीच्या सवयीने आधी वालिदाच्या ओढणीला तोंड लावलं. त्यांनी त्याला ढकललं नाही, नुसतं एक पाऊल बाजूला झाल्या. मग ते कासेखाली गेलं, डोक्याने ढुशी दिली, सड सापडला नाही, पुन्हा ढुशी. सांडणीने मान मागे नेऊन त्याच्या शेपटीखाली नाक लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

आणि हुंकारली. सकाळी मेलेल्या पिल्लावर हुंकारली होती तसाच खर्ज.

पिल्लाच्या तोंडाच्या कडेने पांढरा फेस आला. वालिदांनी लगेच दुसऱ्या बाजूचा सड धरला. एक गुडघा वर उचलून त्यावर भांडं, तिकडच्या पद्धतीने उभ्यानेच. पहिली धार खडीवर सोडली, दुसरी पिल्लाच्या कपाळावर. व्यायल्याचं चीक-दूध. मी तिथेच खडीवर बसलो. मला उभं राहवेना.

संध्याकाळपर्यंत थांबलो. कातडं तीन-चार दिवस बांधून ठेवायचं, मग थोडं थोडं कापत जायचं, असं ठरलं. जखमेचं औषध दिलं, प्रतिजैविकाची सुई दिली. गाफवर रात्रीसाठी ब्लँकेटं टांगलेली दिसली म्हणून विचारलं. टाकी नव्हती तेव्हाची सवय, वालिदा म्हणाल्या. धुकं ब्लँकेटांत भरतं आणि पहाटे पिळलं की भांडंभर पाणी निघतं. टाकी आहे आता, तरी टांगतो.

निघताना वालिदांनी विचारलं, “तुझ्या मुलखाची काय उलूम? पाऊस कसा झाला? जनावरं कशी आहेत?”

मी “मा शी” म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. मला खरंच माहीत नव्हतं. आठवड्यातून दोनदा घरी फोन करायचो. पैसे पोचले का, तब्येत कशी आहे, मुलांचा अभ्यास. पाऊस? विहीर? म्हैस? आण्णांना मी विचारलंच नव्हतं कधी. “विचारून सांगतो,” म्हणालो. ते मान हलवून म्हणाले, “सांग.”

डांबरी रस्त्याला लागलो, रेंज आली, आणि गाडी कडेला घेऊन मी आण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले. एवढ्या उशिरा फोन म्हणून ते घाबरले. काही झालं नाही, म्हणालो. आण्णा, पाऊसपाणी काय म्हणतंय आपल्याकडे?

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थांब, बाहेर येऊन बसतो.” बाज ओढल्याचा आवाज आला. विहिरीत दीड परस पाणी आहे, म्हणाले. शाळू बरा आहे, हरभऱ्याला घाटे धरलेत, पण परवा ढग आले होते तेव्हा जीव टांगणीला लागला होता. धाकल्या काकाची म्हैस व्याली, रेडी झाली. वरच्या आळीतल्याने बैल विकले. खंडोबाच्या माळावर धनगरांची वाडी उतरली आहे, यंदा लवकर आलेत, त्यांच्याकडे पाऊस नव्हता म्हणे.

मी इंजिन बंद केलं. आण्णा बोलत होते, आणि मी पेटीतली वही काढून लिहून घेत होतो, वालिदांना सांगायला.